दोन किलोवॉटचा गिझर तेराशे वॉटवर का चालत होता?

सांगली जिल्ह्यात गावापासून लांब, मळ्यात बांधलेलं घर. न्हाणीघरात पंधरा लिटरचा स्टोरेज गिझर, पाटीवर छापलेलं: २३० व्होल्ट, २००० वॉट. तक्रार साधी होती. हाच गिझर गावातल्या जुन्या घरात वीस-बावीस मिनिटांत पाणी तापवायचा. मळ्यात आणल्यापासून त्याला अर्ध्या तासाच्या वर लागायला लागलं. घरमालकांनी आधी कॉइल बदलली, मग थर्मोस्टॅट. फरक काही पडला नाही. कोणीतरी सांगितलं की बोअरच्या पाण्याचे क्षार बसत असतील, म्हणून टाकी उघडून खरवडूनही झाली. आम्ही पोचलो तेव्हा तालुक्याच्या दुकानातून तीन किलोवॉटची कॉइल आणून ठेवलेली होती आणि प्रश्न एवढाच होता: "साहेब, ही टाकली तर चालेल ना?"

दुसरी गोष्ट त्यांच्या आईंनी जाता जाता सांगितली. सकाळी अंघोळी चालू असताना बोळात कसलातरी जळकट वास येतो. "उंदीर मेलाय का म्हणून सगळं हलवून बघितलं, तर तसलाही नाही तो वास." घरात या वासाची आणि गिझरची सांगड कोणी घातलेली नव्हती.

बरोबरच्या वायरमनने सवयीप्रमाणे आधी सॉकेटमध्ये टेस्टर घातला. दिवा लागला. टेस्टरचा निऑन दीडशे व्होल्टलाही पेटतो आणि अडीचशेलाही, त्यामुळे लाइट आहे यापलीकडे त्यातून काही कळत नाही. मग त्याने गिझर बंद ठेवून मल्टिमीटर लावला, तर २०८ व्होल्ट. कमी आहे, पण मळ्यात मोटरी चालू असताना एवढं कमी बघायची सगळ्यांना सवय असते. "व्होल्टेज डाउन आहे साहेब, दुसरं काय," असं म्हणून तो मीटर आवरायला लागला.

इथेच बरेच तपास थांबतात. गिझर बंद असताना तारेतून प्रवाह वाहत नाही. प्रवाह नसला की वाटेतल्या रोधावर, म्हणजे तारा-जॉइंटांच्या अडथळ्यावर, व्होल्टेज पडत नाही, खर्च होत नाही, आणि तार कितीही बारीक असो, जॉइंट कितीही कुजका असो, शेवटच्या टोकाला वरचं सगळं व्होल्टेज जसंच्या तसं दिसतं. वाट कशी आहे हे बघायचं तर तिच्यावरून माल जाऊ द्यावा लागतो. म्हणून गिझर चालू केला, खालचं झाकण काढून कॉइलच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला आणि त्याच वेळी बोर्डात, तार न तोडता तिच्यातला प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावला.

क्लॅम्प मीटरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नवीन मुलं हटकून इथे अडकतात. जबडा एकाच तारेभोवती लावायचा, फक्त फेज किंवा फक्त न्यूट्रल. गिझरच्या तीन कोअरच्या अख्ख्या केबलभोवती लावला तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. केबल सोलायची नसेल तर बोर्डात एमसीबीच्या (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) खालची सुटी तार धरायची. आम्ही तेच केलं.

आकडे आले ते असे: कॉइलच्या टर्मिनलवर १८७ व्होल्ट, तारेतून ७.० अँपियर.

पुढचं सगळं प्रकरण या दोन आकड्यांवर उभं आहे. व्होल्टेजला प्रवाहाने भागलं की रोध मिळतो: १८७ भागिले ७.० म्हणजे २६.७ ओहम. आता पाटीवरून बघू. २००० वॉटची कॉइल २३० व्होल्टवर ८.७ अँपियर घेते, म्हणजे तिचा रोध असायला हवा २३०चा वर्ग भागिले २०००, म्हणजे २६.४५ ओहम. गरम होणाऱ्या उपकरणांना पाटीवरच्या वॉटपेक्षा ५ टक्के जास्त ते १० टक्के कमी एवढी सूट प्रमाणकांतच दिलेली असते, म्हणजे अंदाजे २५.२ ते २९.४ ओहममधला कोणताही रोध चालतो. २६.७ त्यात आरामात बसतो. कॉइल शंभर नंबरी होती. जुनीही बहुधा असावी, पण ती भंगारात गेली होती, त्यामुळे तिचा निकाल लावता आला नाही.

आणि व्होल्टेजला प्रवाहाने गुणलं की मिळते शक्ती: १८७ गुणिले ७.०, म्हणजे १३०९ वॉट. दोन हजारांचा गिझर तेराशेवर चालत होता.

व्होल्टेज २३०वरून १८७ला आलं म्हणजे १९ टक्के कमी झालं, मग शक्तीही १९ टक्केच कमी व्हायला हवी, असा प्रश्न घरमालकांनी विचारला आणि तो रास्त होता. कॉइलचा रोध ठरलेला असतो. व्होल्टेज कमी झालं की प्रवाहही त्याच प्रमाणात कमी होतो, आणि शक्ती हा त्या दोघांचा गुणाकार. घट दोनदा लागते. ०.८१ गुणिले ०.८१ म्हणजे ०.६६. एक तृतीयांश उष्णता गेली ती अशी.

हे गणित पाण्याशी ताडून बघता येतं. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला १५ × ४.१८६ × ४०, म्हणजे सुमारे २५१२ किलोज्यूल लागतात, विजेच्या भाषेत ०.७० युनिट. २००० वॉटने हे २१ मिनिटांत होतं, १३०९ वॉटने ३२ मिनिटांत. गावात वीस-बावीस, मळ्यात अर्ध्या तासाच्या वर. घरच्यांचं घड्याळ आणि आपली गुणाकार-भागाकाराची बेरीज जुळली. टाकीतून बाहेर जाणारी थोडी उष्णता यात धरलेली नाही, पण एवढ्या वेळात ती किरकोळच.

क्षारांचं काय, तर कॉइलवर थर बसला तरी तिचा रोध बदलत नाही. जेवढी शक्ती आत जाते तेवढी उष्णता बाहेर पडतेच, आणि टाकीत जायला पाण्याशिवाय जागा नसते. थरामुळे कॉइल आतून जास्त तापते आणि लवकर जळते, हे खरं नुकसान. पाणी सावकाश तापण्याचा दोष त्याच्या माथी मारण्यात अर्थ नव्हता, आणि ७.० अँपियर बघितल्यावर तर मुळीच नाही.

हरवलेले एकवीस व्होल्ट

कॉइल निर्दोष सुटली, मग २०८चे १८७ झाले कुठे? २१ व्होल्ट वाटेत पडले होते. प्रवाह सगळीकडे तोच, ७.० अँपियर, म्हणून वाटेचा एकूण रोध २१ भागिले ७, म्हणजे ३.० ओहम. २१ गुणिले ७ म्हणजे १४७ वॉट पाण्याऐवजी कुठेतरी भिंतीत, खांबावर, डब्यात तापत होते.

ही वाट दोन मालकांची आहे. विजेच्या मीटरच्या अलीकडची वीज कंपनीची, पलीकडची घरमालकाची. म्हणून पहिलं मोजमाप मीटरपाशी. गिझर बंद असताना तिथेही २०८, चालू केल्यावर १९९. म्हणजे ९ व्होल्ट मीटरच्या आधीच जात होते आणि १२ व्होल्ट घरात.

आधीच्या ९ व्होल्टचा हिशेब साधा होता. खांबापासून घरापर्यंत साधारण ६० मीटर सर्व्हिस वायर, ॲल्युमिनियमची, ४ एमएमची. आपल्याकडे वायरच्या चौरस मिलिमीटरला सगळे एमएमच म्हणतात, मीही तेच म्हणतो. अशा ॲल्युमिनियम तारेचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम. जाण्याची ६० आणि येण्याची ६० अशी १२० मीटर धरली तर ०.८९ ओहम. मोजलेला रोध ९ भागिले ७, म्हणजे सुमारे १.२९. उरलेले ०.४ ओहम खांबावरची जोडणी आणि तिथून डीपीपर्यंतची (ट्रान्सफॉर्मरपर्यंतची) लाइन यांचे. त्यात अशक्य काही नव्हतं, संशयास्पद थोडं होतं. ते नंतर बघू.

घरातल्या १२ व्होल्टचं मात्र कोडं होतं. बोर्डापासून न्हाणीघराच्या सॉकेटपर्यंत भिंतीतून फिरून आलेली तार साधारण २६ मीटर. सॉकेट उघडला तर आत १ एमएमची तार. हे कसं झालं हे सांगायला कोणी लागत नाही. घर बांधलं तेव्हा न्हाणीघरात एक दिवा आणि दाढीच्या आरशाजवळ छोटा सॉकेट एवढंच होतं, त्याला लाइटची तार पुरेशी होती. गिझर मागाहून आला, तेव्हा त्याच तारेला मोठा सॉकेट बसवून दिला गेला. १ एमएमच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला १८.१ ओहम. जाऊन-येऊन ५२ मीटरचे ०.९४ ओहम, आणि ७ अँपियरला त्यावर पडणार ६.६ व्होल्ट.

बारातून साडेसहा गेले. मीटर ते बोर्ड, मेन स्विच, एमसीबी हे सगळं मोजलं तर अर्धा व्होल्ट. प्लग टॉप आणि सॉकेट यांच्यामध्ये ०.९ व्होल्ट, गिझरच्या केबलमध्ये ०.३. बेरीज ८.३. अजून ३.७ व्होल्टचा पत्ता नव्हता.

इथे एक युक्ती कामाला आली. तारेच्या दोन्ही टोकांमध्ये थेट मोजायचं तर मल्टिमीटरला सव्वीस मीटर लांबीची वायर हवी, ती मळ्यातल्या घरी कोणाकडे असणार? पण घरातून एक लांब तार आधीच ओढलेली असते, अर्थिंगची. तिच्यातून एरवी प्रवाह वाहत नाही, म्हणून तिच्यावर व्होल्टेज पडत नाही, आणि म्हणून तिची दोन्ही टोकं एकाच पातळीला असतात. अर्थिंग सलग आहे याची खात्री केली, की बोर्डात आणि सॉकेटमध्ये एकाच ठिकाणापासून मोजल्यासारखं मोजता येतं.

गिझर चालू ठेवून बोर्डात न्यूट्रल ते अर्थ मोजलं: ५.० व्होल्ट. सॉकेटच्या मागच्या टर्मिनलवर न्यूट्रल ते अर्थ: १२.० व्होल्ट. म्हणजे बोर्ड ते सॉकेट या टप्प्यात एकट्या न्यूट्रलवर ७.० व्होल्ट पडत होते. आता फेज. बोर्डात फेज ते अर्थ २०३.५, सॉकेटवर २००.२. फेजवर पडत होते ३.३ व्होल्ट. पुरवठा सतत थोडा हलत असतो, त्यामुळे हे फेजचे आकडे पुन्हा पुन्हा घेऊन सरासरी धरावी लागली. न्यूट्रलचे आकडे लहान असल्याने ते तसे स्वच्छ मिळतात.

फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच पाइपातून गेलेल्या, एकाच बंडलमधल्या, एकाच लांबीच्या तारा, आणि दोघींमधून तंतोतंत तोच प्रवाह. मग एकीवर ३.३ आणि दुसरीवर ७.० पडण्याचं कारणच नाही. ३.३ हा तारेचा हिशेबी आकडा, ६.६चा अर्धा. न्यूट्रलवरचे वरचे ३.७ तारेचे नव्हेत. ते एखाद्या बिंदूवर पडत होते.

वायरमन तोवर बोळातल्या जंक्शन बॉक्सकडे बघत उभा होता. आईंनी वासाची सांगितलेली जागा तीच. मेन बंद केला, झाकणाचे स्क्रू काढले. झाकणाची आतली बाजू एका ठिकाणी पिवळी पडून फुगली होती. आत पिळून टेप गुंडाळलेले जॉइंट. फेजचा ठीक होता. न्यूट्रलच्या जॉइंटवरची टेप डांबरासारखी पातळ होऊन पुन्हा वाळलेली, तारेचं इन्सुलेशन दोन बोटं मागपर्यंत तपकिरी आणि कडक, वाकवल्यावर कटकन तुटणारं. आतलं तांबं लाल राहिलं नव्हतं, काळं पडलं होतं, आणि पीळ बोटाने धरला तर हलत होता. भिंतीपलीकडे न्हाणीघर, म्हणजे ओल कायमची.

३.७ भागिले ७, म्हणजे ०.५३ ओहम. ऐकायला काहीच नाही. मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर हे मोजायला गेलात तर मीटरच्या स्वतःच्या वायरीच तेवढा रोध दाखवतील, शिवाय मीटर अगदी नगण्य प्रवाह सोडून मोजतो, आणि थंड, हलक्या प्रवाहाला हा जॉइंट बरा वागूही शकतो. पण शक्ती काढा: ३.७ गुणिले ७, म्हणजे २६ वॉट. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचा साधा सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा असतो. तसला एक आयर्न प्लॅस्टिकच्या बंद डबीत, टेपमध्ये गुंडाळून, रोज सकाळी घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी होईपर्यंत चालू ठेवला जात होता.

हा प्रकार आपोआप वाढत जातो. जॉइंट तापतो, तांब्यावर काळा थर वाढतो, पीळ गरम-थंड होऊन सैल पडतो, रोध वाढतो, आणि पुढच्या सकाळी तो आणखी तापतो. शेवटी एकतर प्लॅस्टिक पेटतं किंवा न्यूट्रल तुटतो. न्यूट्रल तुटला तर गिझर बंद पडतो, पण कॉइलमधून येणारा फेज सॉकेटच्या न्यूट्रल पिनवर तसाच उभा राहतो. दोन्ही पिनांवर टेस्टर पेटतो आणि "न्यूट्रलच तर आहे" म्हणून हात लावणारा फसतो.

एमसीबी का पडला नाही?

घरमालकांचा हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बोर्डात नवा कोरा १६ अँपियरचा एमसीबी होता आणि त्याच्या भरवशावर घर निश्चिंत होतं. एमसीबी बघतो फक्त प्रवाह. खराब जॉइंट म्हणजे वाटेत वाढलेला रोध, आणि रोध वाढला की प्रवाह कमी होतो. ८.७ अँपियर घेणारा गिझर ७.० घेत होता. एमसीबीच्या नजरेत हे सगळं उत्तम चाललेलं. गळती पकडणारा आरसीसीबी असता तरी तोही गप्पच बसला असता, कारण जितका प्रवाह फेजवरून जात होता तितकाच न्यूट्रलवरून परत येत होता.

शिवाय १ एमएमच्या तारेवर १६चा एमसीबी हीसुद्धा न शोभणारी जोडी. १६चा एमसीबी नियमाप्रमाणे २३ अँपियरलाही तासाभराच्या आत कधीतरी पडला तरी चालतो. पाइपातून गेलेली १ एमएमची तार तोवर उकळून निघेल. एमसीबी तारेचं रक्षण करायला असतो, त्यामुळे तो तारेकडे बघून निवडायचा, गिझरकडे बघून नव्हे.

तीन किलोवॉटची कॉइल टाकली असती तर

आता त्या आणून ठेवलेल्या कॉइलकडे येऊ. ३००० वॉट, २३० व्होल्ट, म्हणजे रोध १७.६ ओहम. वाटेचे ३.० ओहम मिळवून २०.६. २०८ व्होल्टला प्रवाह साधारण १०.१ अँपियर. कॉइलमध्ये शक्ती जवळपास १७९० वॉट. पाणी ३२ऐवजी साडेतेवीस मिनिटांत तापलं असतं.

म्हणजे तक्रार मिटली असती. सगळे खूश झाले असते, दुकानदाराचा सल्ला खरा ठरला असता. आणि त्या डबीत? जॉइंटचा रोध तोच, ०.५३ ओहम, पण त्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. १०.१चा वर्ग १०२, गुणिले ०.५३, म्हणजे ५४ वॉट. २६च्या दुपटीहून जास्त. भिंतीतल्या १ एमएमच्या तारेतही ४६ वॉटच्या जागी ९५. एमसीबी तरीही पडला नसता, कारण १०.१ हा १६पेक्षा कमीच.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकलं ते हे. ज्या इलाजाने काहीच होत नाही तो दोन दिवसांत सोडून दिला जातो. हा इलाज लागू पडला असता, आणि म्हणूनच जळकट वास कशाचा हे कोणी पुन्हा विचारलं नसतं.

घरमालकांची आणखी एक समजूत होती, की गिझर जास्त वेळ चालतो म्हणून बिल वाढतं. तसं होत नाही. कमी शक्तीने जास्त वेळ चालला तरी पाण्याला लागणारी ०.७० युनिटं तेवढीच राहतात. वाया जाणारं काय, तर मीटरच्या पुढचे १२ गुणिले ७, म्हणजे ८४ वॉट, ३२ मिनिटं. एकदा टाकी तापवताना ०.०४५ युनिट. रोज एकदा धरलं तर वर्षाला सोळा-सतरा युनिटं. त्यांच्या घरात अंघोळी जास्त, म्हणून तिप्पट धरा. तरीही पन्नासच्या आसपास. बिलात हे दिसणार नाही. बिल बघून असा दोष सापडेल ही आशाच सोडावी.

दुरुस्ती आणि तीन मिनिटं

बोर्डापासून न्हाणीघरापर्यंत ४ एमएमची तांब्याची तार नव्याने ओढली, मध्ये एकही जॉइंट न देता. ७-८ अँपियरला २.५ एमएम पुरली असती, पण जिथे पुरवठाच कमी आहे तिथे वाटेत एकेक व्होल्ट वाचवलेला बरा, आणि दोन्हीच्या किमतीत पडणारा फरक एकदाचाच असतो. जुना सॉकेट आणि प्लग टॉप काढून १६ अँपियरचे नवे बसवले. जुन्या प्लगची एक पिन निळसर-काळी झालेली होती, ०.९ व्होल्ट आणि ६ वॉट तिथेच जात होते. जुनी १ एमएमची तार न्हाणीघराच्या दिव्यापुरती ठेवली, जंक्शन बॉक्स बदलला आणि तिला ६ अँपियरचा एमसीबी दिला.

मग पुन्हा तेच मोजमाप. नव्या तारेच्या ५२ मीटरला ०.२६ ओहम, म्हणजे फेजवर साधारण ०.९ व्होल्ट आणि न्यूट्रलवरही ०.९. दोन्ही बाजू सारख्या आल्या, यापेक्षा चांगली पावती नाही. कॉइलवर १९६ व्होल्ट, प्रवाह ७.३ अँपियर. भागाकार २६.८, कॉइल तीच आणि तशीच. गुणाकार १४३१ वॉट.

घरमालकांनी लगेच हिशेब केला. तेराशेचे चौदाशे तीस, म्हणजे ३२ मिनिटांची २९ झाली. "एवढी फोडाफोडी करून तीनच मिनिटं?"

तीनच. पाणी सावकाश तापण्याची खरी जबाबदारी घरातल्या तारेची कमी आणि पुरवठ्याची जास्त होती. २३०च्या जागी मुळात २०८च येत होते, आणि त्यातलेही ९ गिझर लावताच खांबापासून मीटरपर्यंत पडत होते. ज्या जॉइंटने घर पेटवलं असतं, त्याचा तक्रारीतला वाटा जेमतेम एका मिनिटाचा होता. तक्रार एका दोषाची आणि धोका दुसऱ्याचा, दोघांची गाठ एकाच तारेवर पडलेली. वेळ किती वाचला हे बघून कामाची किंमत करायची तर हे काम तोट्याचंच दिसेल, आणि मी तसं त्यांना सांगितलंही.

राहिला पुरवठा. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत कमी दाबाच्या ग्राहकाला जाहीर व्होल्टेजच्या ६ टक्के वर-खाली एवढीच मुभा दिलेली होती, आणि वीज कंपन्यांच्या सेवेच्या मानकांत आजही साधारण तीच रेषा धरली जाते. २३०चे ६ टक्के म्हणजे खाली २१६ पर्यंत. २०८ त्याच्याखाली. तेव्हा लेखी तक्रार द्यायला हरकत नव्हती, फक्त "लाइट डाउन आहे" असं लिहून उपयोग नसतो. अर्जात तारीख, वेळ, मीटरपाशी गिझर बंद असतानाचं व्होल्टेज, चालू असतानाचं व्होल्टेज आणि प्रवाह असे आकडे लिहिले. ९ व्होल्ट भागिले ७ अँपियर, म्हणजे १.२९ ओहम, त्यातली सर्व्हिस वायर ०.८९, मग उरलेले ०.४ कशाचे, असा प्रश्नही लिहिला. रोधाच्या भाषेतला अर्ज बाजूला सारणं अवघड जातं, कारण लाइनवरच्या माणसाला त्यातून खांबावर कुठे बघायचं हे कळतं.

लाइनमन आला, खांबावर चढला. सर्व्हिस वायरचं टोक लाइनला नुसतं गुंडाळलेलं होतं, ॲल्युमिनियमवर पांढरट बुरशीसारखा थर. त्याने टोक कापून घासलं आणि क्लॅम्पने नीट आवळलं. पुन्हा मोजलं तर मीटरआधीचा रोध १.२९वरून १.१वर आला. फार मोठी कमाई नव्हे, पण तिथेही दहाएक वॉट उघड्यावर जळत होते.

मुळातले २०८ मात्र खांबावर चढून वाढणार नव्हते. त्या डीपीवर घरं थोडी आणि मोटरी बऱ्याच. मोटरी बंद असताना त्याच मीटरवर २२६ व्होल्ट मिळतात. त्या वेळी नव्या तारेवर गिझर ८.० अँपियर घेतो आणि १७००हून थोडी जास्त वॉट देतो. पाणी साडेचोवीस मिनिटांत. डीपीवरचा भार वाटून देण्याचा अर्ज कंपनीकडे पडून आहे. तोवर घरच्यांनी मोटरींची पाळी सुरू होण्याआधी गिझर लावायला सुरुवात केली आहे.

हे सगळं गिझरला लागू पडतं कारण गिझर म्हणजे निव्वळ रोध. तिथे व्होल्टेज गुणिले प्रवाह म्हणजे थेट वॉट. हाच गुणाकार मोटरीला लावला तर आकडा फुगून येईल, कारण तिथे पॉवर फॅक्टर मध्ये येतो, म्हणजे व्होल्टेज आणि प्रवाह एका तालात नसल्याने खरी शक्ती गुणाकाराहून कमी भरते. आणि कॉइल नायक्रोमची असल्याने थंड असताना आणि तापल्यावर तिचा रोध जवळपास तोच राहतो. जुन्या पिवळ्या बल्बचं तसं नसतं. १०० वॉटचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहमचा असतो, आणि थंड असताना मीटरने मोजला तर त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी रोध दाखवतो. तिथे थंड मोजणीवरून वॉट काढायला गेलात तर शंभरच्या बल्बचे हजारावर वॉट निघतात.

चालू लाइनवर ही मोजमापं प्रशिक्षित माणसानेच करायची. घरच्यांनी एवढंच केलं तरी पुरे: गिझर पाऊण तास चालवून बंद करायचा, मग मेन बंद करून प्लग टॉप, सॉकेटची चौकट आणि वाटेतल्या जंक्शन बॉक्सच्या झाकणाला हाताची पाठ लावायची. कोमट चालेल. हात काढून घ्यावासा वाटला तर वायरमनला बोलवायचं, आणि तो टेस्टर घेऊन आला तर क्लॅम्प मीटर आणायला परत पाठवायचं.

तीन किलोवॉटची कॉइल दुकानदाराने परत घेतली नाही. ती अजून त्यांच्या फडताळात खोक्यासकट पडून आहे.